गुडिसनला गोठा म्हणणाऱ्यांसाठी

मांडवीकर
मँचेस्टरला राहणाऱ्या आपल्या चिपळूणकराने परवा लांबलचक लिहिलं. ९ ऑगस्ट २०२५ला, राखीच्या दिवशी, लिव्हरपूलच्या एव्हर्टन फुटबॉल क्लबच्या नव्या स्टेडियमवर इटलीच्या रोमाविरुद्धची प्री-सीझन फ्रेंडली, म्हणजे हंगामाआधीची सरावाची मॅच, बघून आला. फोटो सुंदर आहेत. पण खाली एव्हर्टनच्या जुन्या मैदानाबद्दल म्हणतो, 'गुडिसन म्हणजे लाकडी गोठा होता, सुटले बिचारे. आपल्या कोकणात असं काही बांधायची कुणाला अक्कल नाही.' दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

२०१८ साली बहिणीकडे गेलो होतो तेव्हा गुडिसनला एक मॅच बघितली. बुलन्स रोडच्या बाजूच्या स्टँडमध्ये जागा मिळाली, तीही नेमकी खांबामागे. डावीकडचा गोल अर्धाच दिसायचा. शेजारी सत्तरीचे एक आजोबा होते. चेंडू त्या बाजूला गेला की ते पुढे वाकायचे, माझ्या गुडघ्यावर थाप मारायचे आणि काय झालं ते सांगायचे. ओळख ना पाळख. सगळ्यांनी एकदम पाय आपटले की पायाखालच्या फळ्या हादरायच्या आणि तो हादरा पोटात जायचा, शिमग्यात पालखीपुढचा ढोल अगदी अंगाजवळून जातो तेव्हा होतं तसं. १८९२ पासूनचं मैदान आहे ते. १९६६च्या वर्ल्ड कपात उत्तर कोरिया ३-० पुढे होता, तिथून युसेबियोने चार गोल मारले आणि पोर्तुगालने ५-३ने मॅच काढली, ती इथेच. कडेच्या मातीत शेकडो पाठीराख्यांच्या अस्थी आहेत. त्याला गोठा म्हणायचं?

आणि नवं मैदान फ्रेंडलीवरून जोखायचं? रोमा १-० जिंकली, कुणाच्या घशाखालचा घास अडला का? २४ तारखेला ब्रायटनविरुद्ध पहिली लीग मॅच आहे. ती बघ, मग लिही.

चिपळूणकर
गोठा हा शब्द चुकला. मागे घेतो. बाकी एक अक्षर मागे घेणार नाही.

तुम्ही एक मॅच बघितलीत आणि खांबाच्या प्रेमात पडलात. माझे बाबा बहात्तर वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना हौसेने गुडिसनला नेलं. वरच्या मजल्याचे अरुंद जिने, गुडघे बदललेले. अर्ध्यावर बसले आणि म्हणाले, तू जा, मी इथेच थांबतो. चिपळूणहून एवढ्या लांब आलेल्या माणसाने अख्खी मॅच खाली टीव्हीवर बघितली. परवा त्यांना लिफ्टने नेलं. अख्खं मैदान समोर. एका बाजूचा स्टँड तर १३ हजार माणसांचा, भिंतीसारखा उभा. बाबा मॅच सुरू व्हायच्या आधीच पाच मिनिटं नुसते बघत होते. फ्रेंडली असो की फायनल, मला तेवढं पुरे. आठवणी तुमच्या आणि जिने माझ्या बाबांनी चढायचे का?

राजिवड्याचा
'अक्कल नाही' हे मात्र मला लागलं. आम्ही सड्यावर खेळून मोठे झालो. कातळावर स्लाइड मारली की गुडघ्याचं साल निघतं, माझ्या दोन्ही गुडघ्यांवर खुणा आहेत. भात कापलं की खाचरात खेळायचं, जून आला की संपलं. चार महिने पाऊस, बाकी सगळा उतार, सपाट जागा आहेच कुठे? फुटबॉलचं वेड बघायचं असेल तर आंबा घाट चढून कोल्हापूरला जा. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच असली की शाहू स्टेडियम काय असतं ते बघ. तिथे कुणी बाहेरचं डिझाइन आणलं नाही. शंभर वर्षं तालमींनी खेळ जपला, तो राजाश्रयाने वाढला. आधी खेळणारे लागतात, मग खुर्च्या.

हर्णैवाला
तुम्ही सगळे खुर्च्यांवरून भांडताय. ते स्टेडियम उभं कशावर आहे ते कुणी बोलत नाही. १८४८ची ब्रॅमली-मूर गोदी. समुद्रातून वाळू उपसून भरून टाकली आणि वर स्टेडियम. जुलै २०२१मध्ये युनेस्कोने लिव्हरपूलला जागतिक वारशाच्या यादीतून काढलं, त्यात या स्टेडियमचं नाव कारण म्हणून आहे. जगात आजवर तिसऱ्यांदाच असं झालं. आणि गेल्या महिन्यात, ११ जुलैला, आपले बारा किल्ले त्याच यादीत गेले. त्यातला सुवर्णदुर्ग माझ्या पडवीतून दिसतो. 'आपल्याकडेही असं बांधा' म्हणजे कुठे बांधणार? बंदरात भराव टाकूनच ना?

माझ्या वडिलांची होडी पावसाळ्यात वर ओढून शाकारून ठेवायची एक उतरती वाळू होती. एका वर्षी रस्त्यासाठी तिथे दगडमाती येऊन पडली. कुणी विचारलं नाही, कागद दाखवला नाही. आता होडी ठेवायला दुसऱ्याच्या आवारात हात जोडावे लागतात.

दाभोळचा खलाशी
हर्णैवाल्या भावा, तुझं दुःख खरं, पण उदाहरण चुकीचं. मी एकोणतीस वर्षं जहाजावर काढली. १९८६ला आमचं जहाज लिव्हरपूलच्या सीफोर्थ बंदराला लागलं होतं. सुट्टीच्या दिवशी आम्ही चौघं डॉक रोडने शहराकडे चालत निघालो. एका बाजूला ग्रॅनाइटची उंच भिंत, मैलभर, मोठाल्या दगडांची. मध्ये मध्ये बंद दरवाजे. फटीतून डोकावलं तर काळं पाणी आणि गवत. आमच्या आजोबांच्या पिढीतले कोकणी खलाशी ज्या गोद्यांत उतरायचे, त्यांना आतून बघायची मुभा कुणालाच नव्हती. कसला वारसा, कुणासाठी? आता जुन्या गोदीच्या भिंती वाळूखाली तशाच ठेवल्यात, पडका हायड्रॉलिक टॉवर दुरुस्त केलाय आणि पन्नास हजार माणसं आत जातात. युनेस्कोने २०१२लाच लिव्हरपूलला धोक्याच्या यादीत टाकलं होतं, किनाऱ्यावरच्या टॉवरांच्या आराखड्यामुळे. सगळं पाप स्टेडियमच्या माथी मारू नकोस.

हर्णैवाला
म्हणजे आधी पडू द्यायचं, मग पडकं म्हणून भरायचं. किनाऱ्यावर हेच चालतं काका. तुम्ही निवृत्त होऊन डोंगरावर बंगला बांधलात, तुम्हाला काय फरक पडतो?

दाभोळचा खलाशी
माझ्या बंगल्यावर यायचं कारण नाही. त्यातला एकेक चिरा मी समुद्रावर महिनोन् महिने घरापासून लांब राहून मिळवलाय.

मालवणातून
भांडा नको. पण हर्णैवालो खरा सांगता. आमच्याकडे रापण ओढूक जागा खय रवली? हॉटेलांच्या भिंती पाण्यात इल्यो.

देवरुखचा
गुडिसन पाडलंच असणार ना आता? मग रडायचं कशासाठी?

मांडवीकर
पाडलेलं नाही! या सीझनपासून एव्हर्टनच्या महिला संघाचं घर तेच. माहिती नसेल तर निदान विचारा.

चिपळूणकरा, बाबांचं वाचलं. त्या जिन्याचं मला कधी सुचलंच नव्हतं, माझे पाय धड होते. तेवढं तुझं बरोबर. पण फ्रेंडलीवरून मैदान कळत नाही, हे मी सोडणार नाही.

चिपळूणकर
लेकीला महिला संघाच्या मॅचला घेऊन जाईन. खांबामागचं तिकीट मिळालं तर तुम्हाला फोटो पाठवतो. आणि कोकणाबद्दल जे लिहिलं ते माझं चुकलं. मी सड्यावर खेळलो नाही, मला खाली ग्राउंड होतं.

दाभोळचा खलाशी
हर्णैवाल्या, चालत्या बंदरात भराव नको, तिथे मी तुझ्या बाजूने आहे. मेलेल्या गोदीचं मात्र माझं म्हणणं कायम.

हर्णैवाला
चालतं की मेलेलं, हे ठरवणार कोण, तेवढं सांगा. येत्या अमावास्येला हर्णैला या. भरतीच्या वेळी या, ओहोटीला नको. भराव पडल्यापासून पाणी कुठल्या घरात शिरतं ते दाखवतो.