तैलरंगात रान जमतंय, बैल अन् माणसं जमेनात

बालाघाटी: राम राम मंडळी. मी अंबाजोगाईकडचा. वॉटरकलर करायचो, आता ऑइल शिकायलोय. माळ, नांगरट, बाभळी बऱ्यापैकी येतात पण त्यात बैल नि गडीमाणसं टाकली की वरून चिकटवल्यासारखी दिसायलीत, लांबचा माणूस कधी जवळच्यापेक्षा मोठा होतोय. अजून एक, आमच्याकडं घाण्यावर जवसाचं तेल मिळतं, तेच चालतंय का दुकानातलंच लिनसीड (रंगासाठीचं जवसाचं तेल) घ्यावं?

कंधारचा_गडी: दादा, आधी क्षितिजाची रेघ मारा. सपाट रानात तुम्ही उभं राहून बघत असाल तर तुमच्याएवढ्या उंचीच्या सगळ्या माणसांची डोळ्यांची पातळी त्याच रेघेवर येते, माणूस दहा पावलांवर असो का पार बांधाला, फक्त पाय वरखाली होतात. स्टुलावर बसून काढलं की रेघ उभ्या माणसाच्या छाती-पोटाजवळून जाते. बैलाचा खांदा साधारण माणसाच्या छातीएवढा धरा, म्हणजे मोजमाप आपोआप बसतं. चढउताराच्या रानात मात्र हा हिशोब चालत नाही.
अन् बैलाच्या मागच्या पायाचा जो उलटा वाकलेला सांधा दिसतो ना, तो गुडघा नाही, टाच आहे. खरा गुडघा वर पोटाशी असतो. हे कळलं की बैल निम्मा सुधारतो. बाजाराच्या दिवशी वही घेऊन जा, फोटोवर नका राहू.

देवणीवाली: वरचं बरोबर आहे पण चिकटवल्यासारखं दिसायचं खरं कारण रंग आणि कडा. रान पूर्ण वाळल्यावर वर बैल काढला की कड धारदार राहते. पहिल्या पातळ थरातच टर्पेंटाइनच्या फडक्यानं बैलाची जागा पुसून घ्या, मग रान आणि बैल सोबतच रंगवत न्या आणि सावलीकडची कड ओल्यातच मातीत मिसळू द्या. पांढरा देवणी जातीचा बैल म्हणून नुसता टायटॅनियम व्हाइट थापू नका. दुपारी पाठीवर आभाळाची निळी झाक असते, वाळल्या गवतावर उभा असेल तर पोटाखाली पिवळसर, नांगरलेल्या काळ्या रानात असेल तर तेच पोट निळसर करडं. आणि खुरांपासून निघणारी सावली आधी टाका, नाहीतर बैल हवेत तरंगतो. डोळे, शेपटीचे केस शेवटी, तेही जवळच्याच बैलाला.
जमलं तर अजिंठ्याला सतरा नंबरच्या लेण्यातल्या भिंतीवरच्या चित्रांतले हत्ती बघून या. ते ऑइल नाही, पण माणसं आणि जनावरं एकाच गर्दीत कशी बसवायची ते तिथं उभं राहून बघावं.

रंगारी_परभणी: भाऊ घाण्याचं तेल फोडणीत घाला. त्यात चिकट अंश राहतो, वाळायला वेळ लागतो अन् पिवळं जास्त पडतं. रिफाइंड लिनसीडच घ्या. पहिला थर टर्पेंटाइननं पातळ, वरच्या थरांत तेल वाढवत जायचं, उलटं केलं की पुढं भेगा पडतात. आणि तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, लिनसीड वाळताना तापतं अन् चिंध्या आपोआप पेटू शकतात, पसरून वाळवा.

बालाघाटी: लई भारी माहिती. उस्मानाबादी शेळ्यांना काळा कोणता?

देवणीवाली: ट्यूबमधला काळा नकोच, भोक पडल्यागत दिसतो. अल्ट्रामरीन (निळा) नि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळा, पाठीला जरा निळा जास्त.