मदत हवी आहे : स्टेनलेस स्टीलचे पोटेन्शियल रोज चढत आहे, हे जिवाणूंचे काम समजावे का?

नळीतले_पाणी : आमच्या शीतकरणाच्या पाण्याच्या ३०४ स्टीलच्या नळ्यांना दोन वर्षांच्या आतच वेल्डच्या कडेला टाचणीएवढी भोके पडली. म्हणून गेल्या महिन्यात त्याच स्टीलचा तुकडा बाजूच्या फाट्यात बसवून त्याचे पोटेन्शियल, म्हणजे पाण्यात ठेवलेल्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत त्याचा विद्युतदाब, मोजू लागलो. पहिल्या दिवशी ते उणे १२० मिलिव्होल्ट होते, आज अधिक ३१० आहे. जिवाणूंमुळे क्षरण (धातू झिजणे) होत असल्याचे एवढ्यावरून सिद्ध होते का? सोमवारी अहवाल द्यायचा आहे, तेव्हा कृपया हो किंवा नाही एवढेच सांगावे.

उणे_अधिक : एवढ्या माहितीवर हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. हे आकडे कोणत्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या (ज्याचे स्वतःचे पोटेन्शियल स्थिर असते) तुलनेत आहेत? संपृक्त कॅलोमेल आणि संपृक्त सिल्व्हर क्लोराइड या दोन नेहमीच्या इलेक्ट्रोडांतच सुमारे ४५ मिलिव्होल्टचा फरक असतो. पाणी गोडे आहे की खारे, त्यात क्लोराइड किती, तापमान किती, आणि पाण्यात तुम्ही काय मिसळता, हेही लिहा. समुद्राच्या पाण्यात जिवाणूंच्या थरामुळे पोटेन्शियल अधिक ३०० च्या पुढे जाणे नेहमीचेच आहे. मात्र पाणी ४० अंशांहून अधिक गरम असेल तर तो परिणाम सहसा दिसत नाही.

रेषीय : नुसत्या पोटेन्शियलवर विसंबू नका. दोन्ही बाजूंना १० मिलिव्होल्टचा धक्का देऊन ध्रुवीकरण रोध (त्या धक्क्याने वाहणाऱ्या प्रवाहाला पृष्ठभागाचा विरोध) मोजा, म्हणजे क्षरणाचा वेग थेट हाती येईल. मी अनेक वर्षे याच पद्धतीने काम करत आहे.

उणे_अधिक : साध्या पोलादासाठी ते ठीक आहे. येथे सगळे नुकसान एका टाचणीएवढ्या खड्ड्यात होते आणि तुमचा आकडा पूर्ण पृष्ठभागाची सरासरी सांगतो. शिवाय पृष्ठभागावर मँगनीज डायऑक्साइड साचला असेल, तर त्याच्या स्वतःच्या क्षपणाचा (इलेक्ट्रॉन घेण्याचा) प्रवाह त्या मोजणीत मिसळतो आणि धातू झिजत नसतानाही वेग वाढलेला दिसतो.

रेषीय : सरासरी असली तरी महिन्यामहिन्याचा कल कळतोच. मी निरपेक्ष आकड्याबद्दल बोलत नाही.

दुहेरी_स्टील : ३०४ काढून २२०५ डुप्लेक्स हे क्षरणाला अधिक टिकणारे स्टील बसवा, म्हणजे हे मोजत बसावे लागणार नाही.

काळा_थर : नळी उघडल्यावर कुजलेल्या अंड्यांसारखा वास आला होता का? मी पाहिलेल्या अशा प्रकरणांत सल्फेटचे क्षपण करणारे जिवाणू निघाले होते.

उणे_अधिक : ते जिवाणू ऑक्सिजन नसलेल्या जागी वाढतात आणि त्यांच्या सल्फाइडमुळे पोटेन्शियल खाली ओढले जाते. येथे ते वर चढत आहे.

नळीतले_पाणी : नळ्या बदलाव्यात का, हे मी विचारले नव्हते. इलेक्ट्रोड सिल्व्हर क्लोराइडचा, पाणी नदीचे, तापमान ३२ अंश, क्लोराइड लिटरला १८० मिलिग्रॅम. वास नव्हता, वेल्डजवळ गडद तपकिरी थर होता. रोज सकाळी दोन तास हायपोक्लोराइट (क्लोरीनचे जंतुनाशक) सोडतो. ते सगळेच करतात म्हणून लिहिले नाही. पोटेन्शियलची नोंद रोज सकाळी दहाला होते.

उणे_अधिक : नेमके तेच सर्वांत आधी सांगायला हवे होते. क्लोरीन हा स्वतःच जोरदार ऑक्सिडीकारक (इलेक्ट्रॉन ओढून घेणारा) आहे. एकही जिवाणू नसला तरी तो स्टीलचे पोटेन्शियल काहीशे मिलिव्होल्टने वर नेऊ शकतो. तुमची दहाची नोंद मात्रेच्या लगेच नंतरची असेल, तर तुम्ही महिनाभर क्लोरीनच मोजत आला आहात. दर दहा मिनिटांनी नोंद घ्या आणि मात्रेपूर्वीचा आकडा वेगळा काढा. तो पायाच रोज चढत असेल, तर मँगनीजचे ऑक्सिडीकरण करणाऱ्या जिवाणूंचा संशय घ्या. लेप्टोथ्रिक्स हा त्यांतला परिचित वंश. त्यांनी साठवलेला मँगनीज डायऑक्साइड गोड्या पाण्यातही पोटेन्शियल वर नेतो. मग वेल्डच्या उष्णतेने रंगलेल्या पट्ट्यात, जेथे स्टीलचे संरक्षण आधीच दुबळे असते, खड्डा सुरू होण्याची मर्यादा ओलांडली जाते. तपकिरी थरात मँगनीज आहे का, हे अवश्य तपासून घ्या.

रेषीय : यावर माझी सहमती आहे. तुलनेसाठी तसाच दुसरा तुकडा ०.२ मायक्रॉन गाळणीतून गाळलेल्या त्याच पाण्यात, क्लोरीन न घालता, ठेवा. तेथे पोटेन्शियल चढले नाही, तर जिवाणूंविषयीचे म्हणणे बळकट होईल.

नळीतले_पाणी : तीन दिवसांच्या नोंदी मिळाल्या. मात्रेनंतर ३१०, पुढच्या मात्रेपूर्वी अनुक्रमे १४०, १५५ आणि १७०. थराचा नमुना तपासणीला पाठवला आहे आणि अहवालाची मुदत दोन आठवड्यांनी वाढवून घेतली आहे. आज मात्र आकडा एकाएकी उणे ४० वर आला. थर धुऊन निघाला असावा का?

उणे_अधिक : आधी इलेक्ट्रोड दुसऱ्या इलेक्ट्रोडशी पडताळून पाहा. तो बरोबर असेल, तर थर गेला असे मानून निश्चिंत होऊ नका. खड्डा सुरू होऊन वाढू लागला की पोटेन्शियल असेच झपकन उतरते. तुकडा आजच बाहेर काढा आणि वेल्डची कडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहा.