मदत हवी आहे : शाळेचं नाव पुरस्कारासाठी पाठवायचंय, फॉर्म अडलाय

रेखा_इंदूर
नमस्कार. आमच्या घरामागच्या शाळेचं नाव एका पुरस्कारासाठी पाठवायचं आहे. 'तीन वर्षांत लक्षणीय सुधारणा' असा गट आहे. 'आधारवर्ष' आणि 'सुधारणेचा पुरावा' या दोन रकान्यांपाशी गाडी अडली आहे. पुरावा म्हणजे नक्की काय जोडायचं? शिवाय एक ११ आकडी कोड मागतात, तो घातल्याशिवाय पुढचं पानच उघडत नाही. तारीख तोंडावर आली आहे, कोणी असा फॉर्म भरला असेल तर लगेच सांगा. शाळा खरंच बदलली आहे, रोज डोळ्यांनी बघते.

निवृत्त_मास्तर
ताई, शाळा सरकारी की खासगी? कितवीपर्यंत? तुम्ही पालक आहात, शिक्षिका आहात की समितीवर आहात? पुरस्कार सरकारचा की एखाद्या संस्थेचा? हे कळल्याशिवाय काय सांगणार?
कोडचं तेवढं सांगतो. तो यूडायस कोड, सरकारच्या शाळा-माहितीच्या नोंदीत प्रत्येक शाळेला दिलेला क्रमांक. पहिले २ आकडे राज्याचे (मध्य प्रदेशाचे २३), मग जिल्हा, ब्लॉक, गाव किंवा वॉर्ड आणि शेवटचे २ शाळेचे. बऱ्याच शाळांत दर्शनी भिंतीवरच रंगवलेला असतो.

मिलिंद_पुणे
'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा'मध्ये भरा की! आमच्याकडे शाळांचं रूप पालटलं त्याने. परसबाग, बोलक्या भिंती, सगळं झालं.

राजवाडा_ते_रामबाग
मिलिंददादा, ती महाराष्ट्र शासनाची योजना. इंदूरची शाळा तिथे कशी बसणार?
रेखाताई, स्वच्छ विद्यालय पुरस्काराचं बघा, २०२५ पासून त्याच्या जागी 'स्वच्छ एवं हरित विद्यालय रेटिंग' आलंय. केंद्राचा आहे, पहिल्यांदा २०१६ साली दिला होता. पाणी, शौचालय, साबणाने हात धुणं, देखभाल, मुलांच्या सवयी, असे गुण. आपलं शहर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येत आलंय, मग शाळा मागे का राहावी?

अनघा_वडोदरा
आमच्याकडे गुणोत्सव असतो, २००९ पासून. शाळेला श्रेणी मिळते. आधीची आणि आत्ताची श्रेणी शेजारी शेजारी ठेवली की झाला पुरावा. तेच जोडा.

निवृत्त_मास्तर
अनघाताई, गुणोत्सव गुजरातचा. इकडे तसा आधार हवा असेल तर शाला सिद्धी, म्हणजे शाळेने स्वतःचं मूल्यमापन करायचा केंद्राचा कार्यक्रम. २०१५ मध्ये सुरू झालं, ७ क्षेत्रं, ४६ मानकं, प्रत्येक मानकात शाळा पहिल्या, दुसऱ्या की तिसऱ्या स्तरावर आहे हे शाळेनेच लिहायचं. त्यातच पुढचा सुधारणेचा आराखडाही असतो. जुन्या वर्षाचा अहवाल शाळेकडे असेल तर आधारवर्षाचा प्रश्न तिथेच सुटला.
आणि स्वच्छ विद्यालयाचे गुण शाळा आज कुठे आहे त्याचे. कुठून निघून कुठे पोचली, ते त्यात येत नाही. ताईंना नेमकं तेच दाखवायचंय.

राजवाडा_ते_रामबाग
मास्तर, असं नाही. घाणेरडं शौचालय स्वच्छ झालं ही सुधारणा नाही? मुली त्याच्यामुळे तर शाळा सोडतात.

निवृत्त_मास्तर
सुधारणा आहेच, नाही कुठे म्हटलं? पण आधीच्या स्थितीचा कागद हवा. नुसता आजचा फोटो बघून परीक्षकाला काय समजणार?

रेखा_इंदूर
बरं, सांगते. शासकीय शाळा, पहिली ते आठवी. मी पालक नाही, शिक्षिका नाही, समितीवर नाही. शेजारीण आहे. पुरस्कार एका संस्थेचा, नाव कोणीही सुचवू शकतं, पण शाळेची लेखी संमती लागते. मोठ्या बाई म्हणतात, "मी माझं काम केलं, नाव कशाला हवं." त्यामुळे कागद कुणाकडे मागू?
आमच्या भागात बिल्डिंगांच्या कामावर झाबुआ, अलीराजपूरकडची कुटुंबं येतात. त्यांची मुलं दिवाळीनंतर शाळेत यायची, होळीच्या आधी भगोरियाला, म्हणजे तिकडच्या आदिवासी जत्रेला, गावी गेली की परत दिसायची नाहीत. हजेरीपटात नावापुढे नुसती रेघ. बाईंनी काय केलं, तर प्रत्येक साइटच्या मुकादमाचा फोन नंबर हजेरीपटाच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला. भगोरिया आटोपला की एकेकाला फोन. उचलला नाही तर संध्याकाळी स्वतः साइटवर. आता ती मुलं परत येतात आणि परीक्षेला बसतात. भिंती अजून जुन्याच आहेत, त्यामुळे फोटोत यातलं काहीच येणार नाही. फोटोत येईल अशी एकच गोष्ट, पहिलीच्या मुलांच्या उंचीला बसवलेले नळ आणि जाळीच्या पिशवीत बांधलेला साबण.

अनघा_वडोदरा
रेखाताई, हे वाचून अंगावर काटा आला. हेच लिहा फॉर्ममध्ये, जसंच्या तसं.

भिया_सुदामानगर
मग शाळेचं नाव कशाला, बाईंचंच पाठवा ना! राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार, ५ सप्टेंबरला दिल्लीत. ५०,००० रुपये आणि रौप्यपदक.

निवृत्त_मास्तर
त्याला अर्ज शिक्षकाने स्वतः करायचा असतो. ज्या बाई नाव नको म्हणतात त्या करतील का? १० वर्षांची नियमित नोकरी लागते, खासगी शिकवण्या घेणाऱ्यांना चालत नाही. निवृत्तीला किती राहिलं त्यांचं?

रेखा_इंदूर
मार्चअखेर ६२ पूर्ण होतायत. त्याचीच तर घाई.

भिया_सुदामानगर
तरी जमेल, त्या वर्षातले चार महिने नोकरी झाली असली तर.

निवृत्त_मास्तर
चार महिने म्हणजे ३० एप्रिलपर्यंत. मार्चअखेर सुटल्या तर एक महिना कमी पडतो. आणि मोबाईल नंबर लिहिण्याची रीत शाळेत रुजली असेल तर मान शाळेचाच. उद्या बाई गेल्या तरी ती राहायला हवी.

मिलिंद_पुणे
रतलामच्या सीएम राइज (तुमच्या राज्य सरकारच्या आदर्श शाळांची योजना) विनोबा शाळेला २०२४ मध्ये जागतिक पुरस्कार मिळाला होता ना, नवोपक्रमाच्या गटात? तिथल्या कोणाला विचारा. तुमच्यापासून लांब नाही.

रोहिणी_नंदानगर
मिळाला होता. आता सीएम राइजला सांदीपनि म्हणतात. माझ्या भाच्याला सहावीत तिथे घालायचंय, इंदूरच्या सांदीपनि शाळेत प्रवेशाचं कोणाला काही माहीत आहे का? बस मिळते का?

राजवाडा_ते_रामबाग
रोहिणीताई, वेगळा धागा काढा. इथे ताईंची तारीख चाललीय.

निवृत्त_मास्तर
रेखाताई, आता कामाचं. बाई नको म्हणत असतील तर शाळा व्यवस्थापन समितीकडे जा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात, आणि आपल्याकडे अध्यक्ष पालकांतूनच असतो. समितीने ठराव केला की तीच शाळेची संमती. बाई सचिव असल्यामुळे इतिवृत्तावर सही त्यांचीही येईल, पण मागणी पालकांची असेल. अशा मागणीला त्या नाही म्हणणार नाहीत, मी असतो तर म्हटलं नसतं.
पुराव्यासाठी यूडायसच्या नोंदी मागा. अलीकडे त्यात प्रत्येक मुलाची वेगळी नोंद आणि कायमचा क्रमांक असतो. होळीच्या आधी कोण होतं आणि नंतर कोण राहिलं, ते आधारवर्षाच्या आणि यंदाच्या हजेरीपटातून काढा. मुलांची नावं झाकून झेरॉक्स घ्या. पाचवी-आठवीची बोर्ड पद्धतीची परीक्षा २०२२-२३ पासून पुन्हा सुरू झाली, त्या निकालांत ही मुलं बसली का तेही दाखवता येईल. तीन वर्षांचे आकडे एका पानावर, बस्स. गठ्ठा नको.

राजवाडा_ते_रामबाग
नळाचा फोटो मात्र जोडाच, ताई.

रेखा_इंदूर
जोडते. मास्तर, फार मोकळं केलंत. समितीच्या अध्यक्ष चार घरची धुणीभांडी करतात, सकाळी कामावर निघायच्या आधीच गाठावं लागेल. त्यांचाच मुलगा त्या हजेरीपटातला आहे. ठराव हिंदीत लिहू की मराठीत?

निवृत्त_मास्तर
हिंदीत. समितीचं रजिस्टर हिंदीतच असतं, आणि सह्या करणाऱ्यांना वाचता आलं पाहिजे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मोठ्याने वाचून दाखवा, मग अंगठा घ्या. शाळेचा गोल शिक्का आणि तारीख राहू देऊ नका, शिक्का नाही म्हणून परत आलेले अर्ज मी पाहिले आहेत. मसुदा इथे टाका, आज रात्रीच बघून देतो.