गावात तंबाखूचा सर्वे करायचाय, नेमकं विचारायचं काय?

सातारकर_पोरगा:
यंदा गणपतीत आमच्या मंडळाला आराशीऐवजी व्यसनमुक्तीचं काहीतरी करायचंय. गाव तीनशे उंबऱ्यांचं. सगळे म्हणाले सिगारेटचे फ्लेक्स लावू, मी म्हटलं आधी गावात कोण काय खातंय ते तरी बघू. वीस घरं फिरलो, "तंबाखू खाता का" विचारलं की "छे, आमच्यात कुणीच नाय", आणि समोर देवळीत चुन्याची डबी! कसं विचारतात हे?

आशा_कराडकडची:
"तंबाखू" म्हणूच नका. बायका मशेरीला तंबाखूत धरतच नाहीत, त्यांच्या लेखी ते दात घासणं. "दात कशानं घासता, दिवसातून कितीदा" असं विचारा. आणि सुनेला सासूसमोर विचारू नका, एकीनं घरात नाही म्हणून सांगितलं आणि मग नळावर हळूच म्हणाली ताई मला सोडायचीय पण डोकं धरतं.

आकडेमोड्या:
सिगारेटचे फ्लेक्स म्हणजे पैसे पाण्यात. 2016-17 च्या गॅट्स या तंबाखूवरच्या सरकारी सर्वेत महाराष्ट्रातले 15 वर्षांवरचे 24.4 टक्के लोक बिनधुराची तंबाखू घेणारे निघाले, ओढणारे फक्त 3.8. शाळेच्या भिंतीपासून टपऱ्या किती लांब तेही मोजा, कायद्यानं 100 यार्डांच्या आत विक्रीच नाही, म्हणजे साधारण 91 मीटर.

गडचिरोलीवाला:
आमच्या इकडे खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या तुकड्यात, घोटून देते पानठेल्यावर, पोरं पण खाते. 2016 पासून मुक्तिपथचं काम आहे इकडे दारू-तंबाखूवर, त्यांचं बघ. माझं ऐकशील तर लोकांना विचारण्याआधी ठेल्यामागच्या पन्न्या मोज, पन्नी खोटं नाही बोलत भाऊ 😄 आणि रोजचा खर्च विचार, सवय लपवते माणूस पण पैशाचं बरोबर सांगते.

सातारकर_पोरगा:
आशाताई, तुमचा प्रश्न आधी घरीच लावला. आई म्हणाली माहीत असून काय विचारतोस. मला वाटायचं सकाळी एकदाच, दिवसातून चारदा निघालं, दुपारी भांडी झाल्यावर न् रात्री झोपताना पण. फ्लेक्स कॅन्सल केलेत. शाळेपासूनचं अंतर टेपनं मोजलं, 40 मीटरवर टपरी आहे, पण ती आमच्या खजिनदाराच्या चुलत्याची. रविवारच्या मीटिंगमध्ये विषय काढणारे, बघू वर्गणी राहते का.