वारी संपत आली. चालतानाची सोबतीण पुढे कशी भेटत राहते?

तुळसवाली
राम कृष्ण हरी. जुन्या वारकऱ्यांना एक विचारायचं आहे. माउलींच्या सोहळ्यात रथामागच्या एका दिंडीत चालतेय. आज वेळापूरला मुक्काम. दुपारी धावा झाला, सगळे उतारावरून नाम घेत पळत सुटले आणि मला एकदम रडू आलं. आता भंडीशेगाव, मग वाखरी, की दशमीला पंढरपूर.

दिवेघाटापासून माझ्याबरोबर एक आक्का आहेत. परभणीकडच्या, साठी उलटलेल्या, शेतात राबलेल्या. मी पुण्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. एरवी आमची गाठ पडायचं काही कारणच नव्हतं. दिंडीत एक तुळस आम्ही दोघी आलटून पालटून घेतो. ती या डोक्यावरून त्या डोक्यावर देताना थांबायचं नसतं, ओळ तुटते. आक्कांनी पदराची चुंबळ आधीच करून ठेवलेली असते. चालता चालता शेजारी येतात, डावा हात वृंदावनाच्या बुडाशी घालतात आणि ‘सोड’ म्हणतात. लोणंद सोडल्यापासून तेही म्हणावं लागत नाही. त्यांच्या बांगड्या माझ्या कानाशी वाजल्या की माझा हात निघतो.

फलटणला टाचेला मोठा फोड आला. त्यांनी सुईने त्यातून दोरा ओवला, दोरा आतच ठेवला, म्हणजे पाणी निघून जातं आणि कातडं राहतं. मी म्हटलं, सुई आधी स्पिरिटने पुसू. त्यांनी ऐकलं, आणि आता ज्याला त्याला तेच सांगतात. रात्री माझ्या पायांना खोबरेल चोळल्याशिवाय झोपत नाहीत. मी त्यांचे गुडघे चोळते.

एवढं असून मला त्यांचं आडनाव माहीत नाही, त्यांना माझं नाही. एकमेकींना ‘माउली’, नाहीतर आक्का आणि पोरी. त्यांच्याकडे फोन नाही. एकादशीला चंद्रभागेचं स्नान, नगरप्रदक्षिणा, द्वादशीला बारस सोडली की मी एसटीने पुण्याला आणि त्या गावच्या ट्रकने परत. पत्ता मागावा का? की जे चालताना मिळालं ते तिथेच राहू द्यावं? तुम्ही कसं करता, खरंखरं सांगा.

रथापुढचा टाळकरी
माउली, पत्ता मागा. फक्त वाखरीपर्यंत थांबू नका. वाखरीला सगळ्या संतांच्या पालख्या एकत्र येतात, तिथे हातातला हात सुटला तर माणूस सापडत नाही. उद्या ठाकूरबुवांच्या समाधीपाशी रिंगण, पुढे ‘टप्पा’ म्हणतात त्या ठिकाणी सोपानकाकांच्या पालखीची भेट, त्या गडबडीतही जमणार नाही. भंडीशेगावला जेवणं उरकली की निवांत बसा.

दिंडीची भिशी, म्हणजे वाटेतल्या जेवणखाणाचे पैसे, भरताना नाव-गाव लिहून घेतात. ती वही दिंडीप्रमुखांकडे असते, एकाच दिंडीत असल्याने ते नाही म्हणायचे नाहीत. पण माझं ऐकाल तर वहीतून घेऊ नका, त्यांनाच विचारा. आणि पंढरपुरात दिंडी कुठल्या मठात उतरते ते नीट बघून ठेवा. जागा सहसा बदलत नाही. कार्तिकीला, माघीला बरीचशी तीच माणसं तिथेच भेटतात. आमच्या कित्येक मैत्र्या त्या एका ओसरीवर टिकून आहेत.

कृष्णाकाठ
मीही हेच टाळत आले होते, म्हणून लिहिते. माझी सोबतीण बार्शीकडची. पुष्कळ वर्षं एकत्र चाललो. आळंदीला अष्टमीला भेटायचं, पंढरपुरात एकमेकींच्या पाया पडून निघायचं, मधलं वर्ष काही नाही. एका वर्षी ती दिसली नाही. तिच्या गावचा एकजण म्हणाला, मांडीचं हाड मोडलंय. पंढरपूरला पोचल्यावर चंद्रभागेचं पाणी बाटलीत भरलं, बुक्का घेतला, चुरमुरे-बत्तासे घेतले आणि घरी यायच्या ऐवजी तिच्या गावची गाडी पकडली.

तिच्या घरात तेव्हा पहिल्यांदा पाऊल टाकलं. भिंतीवर तरुण मुलाचा फोटो, हार घातलेला. तिचा मुलगा. तो आम्ही एकत्र चालू लागायच्या आधीच गेला होता, आणि इतक्या वर्षांत तिने मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. मला राग नाही आला. तिला वर्षातून तेवढे दिवस असं माणूस हवं होतं ज्याला ते माहीत नाही, आणि ते माणूस मी होते. हे मला तिच्या स्वयंपाकघरात भाकरी खाताना कळलं. ती म्हणाली, आता तुला माहीत झालं ते बरं झालं.

म्हणून तुम्हाला सांगते, विचारा. पण ‘कोण-कोण असतं घरी’ इथून सुरुवात करू नका. गाव विचारा. बाकीचं त्यांना वाटलं तर त्या सांगतील. ती आता वारीला येत नाही, मी दरवर्षी बारस सोडून तिच्याकडे एक रात्र राहून येते.

वाल्ह्याचा
आम्ही वारी करत नाही, वारी आमच्या दारी येते. पडवीत वर्षानुवर्षं त्याच बायका उतरतात. आईला त्यांची नावं माहीत नाहीत, पण कुणाला तिखट चालत नाही ते पक्कं माहीत आहे. पिठलं त्यांचं वेगळं काढते. ताई, पत्ता मिळाला नाही तरी जीव टांगणीला लावू नका.

तुळसवाली
भंडीशेगावहून लिहितेय. सगळ्यांच्या पाया पडते.

मी तोंड उघडायच्या आत आक्कांनीच पिशवीतून अभंगाच्या वहीचं कोरं पान काढलं. म्हणाल्या, “तुझा पत्ता लिहून दे बरं, नात वाचती.” मी माझा लिहिला, मग त्यांनी सांगितला तसा त्यांचा लिहून घेतला. जिंतूर तालुका. नातीचा नंबरही दिला. कृष्णाकाठ ताई, मी गावाशिवाय काही विचारलं नाही, आणि त्यांनी दोन गोष्टी आपणहून सांगितल्या. त्या इथे लिहीत नाही. माघीला त्या पंढरपुरात असतात, मी रजा काढणार आहे.

आता एक मदत हवी आहे. उद्या बाजीरावाच्या विहिरीपाशी रिंगणात तुळस घेऊन त्यांनाच धावायचं आहे, माझ्याकडे द्यायला तयार नाहीत, आणि उजवा गुडघा सुजलाय. भंडीशेगावात आत्ता कुणाकडे जास्तीचं क्रेप बँडेज किंवा गुडघ्याचा पट्टा आहे का? मी येऊन घेऊन जाईन.