मदत हवी आहे: ४२९४९६७२९७ च्या विभाजकांत ६४ ऐवजी १२८ कुठून येतात?

संख्या ओळखीचीच आहे: २ चा ३२ वा घात अधिक १. गणितज्ञ फर्माला ती मूळ (अविभाज्य) संख्या वाटली होती, ऑयलरने १७३२ मध्ये ६४१ × ६७००४१७ असे तिचे तुकडे करून दाखवले. भागाकार कागदावर करून पाहिला, बाकी शून्य. त्यामुळे पडताळा नको, अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी.

समजा, प हा तिचा मूळ विभाजक. मग प ने भागताना २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ आणि ६४ व्या घाताची १. त्याआधी १ कधीच येत नाही, म्हणून फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार (प ने भागताना २ च्या प − १ व्या घाताची बाकी १ येते) प − १ ला ६४ ने भाग जातो. इथपर्यंत पटलं. या हिशेबाने १९३, २५७, ४४९, ५७७ आणि मग ६४१ तपासावे लागतात. पहिल्या चारांनी भाग जात नाही, तेही करून पाहिलं.

पण ल्युका या गणितज्ञाने पुढे दाखवलं की प − १ ला १२८ नेही भाग जातो, म्हणजे २५७ नंतर थेट ६४१! ६४१ = १२८ × ५ + १ आणि ६७००४१७ = १२८ × ५२३४७ + १, आकडे जुळतात. पण का जुळतात?

जिथे शोधलं तिथे 'वर्गशेषांच्या नियमावरून' म्हणून एका ओळीत उरकलंय. मला बाक्यांचं गणित येतं, वर्गशेष अजून शिकलेलो नाही. पूर्ण सिद्धता नको, कळीची पायरी पुरे. जिचा ६४ वा घात −१ बाकी देईल अशी एखादी संख्या २ च्या घातांतूनच हाताने बनवता येईल का?