कूलरच्या टाकीपासून गडरच्या पाइपापर्यंत : घरातील डासांविषयी आपापले अनुभव

त्रिमूर्तीनगर

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीत ‘रोगराई घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी ऐकून आपण घरी परततो, आणि नेमक्या त्याच सुमारास, भाद्रपद लागताना, नागपुरात डेंग्यूचे रुग्ण वाढू लागलेले असतात. गेल्या वर्षी त्यांत माझा धाकटा मुलगा होता. घर तपासण्यास आलेल्या आरोग्यसेविकेने कुंड्या आणि गच्चीवरील टाकी पाहून झाल्यावर खिडकीतील कूलरची बाजू काढण्यास सांगितले. जूनअखेर बंद केलेल्या त्या कूलरच्या तळाशी चार बोटे पाणी राहिले होते, आणि बॅटरीच्या उजेडात त्यात अळ्या वळवळताना स्पष्ट दिसत होत्या. मुलाचा पलंग त्याच खिडकीखाली होता. पाण्याला वास नव्हता, ते गढूळही नव्हते. डास घाणीत होतात असे मी आजवर धरून चालले होते, त्यामुळे स्वयंपाकघराइतक्या स्वच्छ ठेवलेल्या खोलीत ते सापडल्याचे मला फार लागले. आपल्या घरी डास कोठे सापडले आणि काय केल्यावर ते खरोखर कमी झाले, हे प्रत्येकाने सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

नंदनवन

मी हिवताप विभागात अनेक वर्षे घरोघरी पाण्याची भांडी तपासण्याचे काम केले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास, ज्याच्या काळ्या पायांवर पांढरे पट्टे असतात, तो साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि मुख्यतः दिवसा चावतो. त्याची मादी अंडी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते; पाणी आटले तरी ती अंडी कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी भरले की फुटतात. त्यामुळे कूलरचे पाणी नुसते ओतून दिल्याने काम होत नाही. टाकीच्या आतील भिंती नारळाच्या काथ्याने किंवा ताठ ब्रशने घासाव्या लागतात, गवत काढून उन्हात खणखणीत वाळवावे लागते आणि टाकी कोरडी झाल्यावरच कूलर झाकून ठेवावा लागतो. अंड्यापासून उडता डास होण्यास उष्ण दिवसांत साधारण ७ ते १० दिवस पुरतात, म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्यास सांगितले जाते. पंधरा दिवसांनी केलेल्या साफसफाईत तोपर्यंत एक पिढी उडून गेलेली असते.

लोक आम्हाला नेहमी धूर मारण्याची मागणी करीत. धुराने त्या वेळी उडत असलेले डास मरतात, पाण्यातील अळ्यांना मात्र काहीही होत नाही. एका घरी दारापुढे धुराची वाट पाहत उभ्या असलेल्या आजींना मी त्यांच्याच फ्रिजच्या मागचा ट्रे काढून दाखवला होता, त्यात अळ्या होत्या. नंतर त्यांनी गल्लीतील प्रत्येक घरी जाऊन तो ट्रे काढायला लावला, आणि त्या एका बाईंनी आमच्यापेक्षा अधिक काम केले, असे मला आजही वाटते.

महाल

आमच्या जुन्या वाड्यात त्रास संध्याकाळनंतरचा होता, म्हणजे हे मच्छर वेगळे होते. गडरची, म्हणजे सांडपाण्याची, टाकी अंगणात आहे आणि तिच्या हवेच्या उभ्या पाइपाचे तोंड वर्षानुवर्षे उघडेच होते. क्युलेक्स डास अशा सांडपाण्यात वाढतो, आणि आपल्या भागात त्याचे महत्त्व हत्तीरोगामुळे आहे. लहानपणी रात्री उशिरा रक्त तपासणारे लोक दार वाजवीत, त्याचे मला नवल वाटे. त्या रोगाचे सूक्ष्म जंतू रात्रीच्याच वेळी त्वचेजवळच्या रक्तात येतात, हे पुढे समजले. पाइपाच्या तोंडाला नायलॉनची बारीक जाळी तारेने घट्ट बांधली आणि झाकणाच्या फटी सिमेंटने बुजवल्या. महिनाभरात फरक जाणवला. अंगणातील विहिरीत गप्पी मासे सोडले आहेत, परंतु विहिरीवर झाकण नसल्याने जाळीही टाकली आहे.

इतवारी

२००६ साली चिकुनगुन्या झाला तेव्हा ताप चार दिवसांत उतरला, परंतु बोटांचे सांधे इतके धरले की सहा महिने मला लाटणे पकडता आले नाही. तेव्हापासून घरातला माठ आणि पिंप दर गुरुवारी पालथे घातले जातात. तो रोगही दिवसा चावणाऱ्या त्याच डासामुळे होतो.

मानेवाडा

मी येथे दवाखाना चालवतो. घरची मंडळी प्लेटलेटचा आकडा रोज विचारतात, ते समजण्यासारखे आहे. पण डेंग्यूत ताप उतरू लागतो तो काळ अधिक सांभाळण्याचा असतो. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, फार सुस्ती किंवा लघवी कमी होणे, यांपैकी काही दिसल्यास त्याच वेळी रुग्णालय गाठावे. तापासाठी पॅरासिटामॉल योग्य मात्रेत द्यावे. अंगदुखीवर मनाने ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नये, कारण त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. रुग्णालाही दिवसा मच्छरदाणीत झोपवावे, नाहीतर त्याला चावलेला डास घरातील इतरांपर्यंत रोग नेऊ शकतो.

अंबाझरी परिसर

सप्टेंबर २०२३ च्या पुरानंतर आम्ही घरातील चिखल काढला, सामान वाळवले आणि इमारतीच्या लिफ्टखालचा खड्डा मात्र विसरलो. तेथील पाणी पंपाने उपसल्यावरच तळमजल्यावरील डास हटले.

त्रिमूर्तीनगर

सर्वांचे मनापासून आभार. मुलगा आता बरा आहे. हे वाचून मी शेजारच्या बंद घराकडे पाहिले. भाडेकरू मुले परीक्षा देऊन मे महिन्यात गेली आणि गच्चीवर त्यांचे दोन कूलर उघडे पडले आहेत. हा डास फार लांब उडत नाही, म्हणजे ते कूलर आमचेच समजायला हवेत. घरमालक अमरावतीला असतात. त्यांना फोन करून किल्ली कोठे ठेवली आहे ते मी विचारून घेतले. येत्या रविवारी मी आणि वरच्या मजल्यावरील काका ब्रश आणि बादली घेऊन तेथे जाणार आहोत.